मोबाइल-अनुकूल संकेतस्थळ

मोबाइल फोनच्या अरुंद पडद्यावर, बोटाच्या स्पर्शाने व कमीअधिक वेगाच्या बिनतारी जोडणीवर जे संकेतस्थळ सहजपणे वाचता व वापरता येते, त्यास मोबाइल-अनुकूल संकेतस्थळ असे म्हणतात. संकेतस्थळ म्हणजे एका पत्त्याखाली परस्परांशी जोडलेल्या व ब्राउझर या आज्ञावलीच्या साहाय्याने इंटरनेटवरून पाहावयाच्या पृष्ठांचा संच होय [⟶ संगणक]. फोनसाठी तयार केलेले स्वतंत्र ॲप आणि मोबाइल-अनुकूल संकेतस्थळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप आधी फोनमध्ये उतरवून घ्यावे लागते. संकेतस्थळास केवळ पत्ता किंवा दुवा पुरतो. एखाद्या व्यावसायिकाची प्रथमच चौकशी करणारा ग्राहक त्यासाठी ॲप उतरवून घेण्याचा संभव कमी असल्याने लहान व्यवसायाच्या दृष्टीने संकेतस्थळच अधिक महत्त्वाचे ठरते.

मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांची रचना व चाचणी यांसाठी स्वतंत्र कर्मचारी असतात. बागायतदार, खानावळचालक, घरगुती निवासव्यवस्था चालविणारे, शिकवणीचे वर्ग घेणारे किंवा दुरुस्तीचे दुकान असणारे व्यावसायिक मात्र संकेतस्थळ बहुधा एकदाच तयार करून घेतात व रचनाकाराच्या कार्यालयातील संगणकावर पाहून त्यास मान्यता देतात. त्यांचा ग्राहक तेच संकेतस्थळ फोनवर पाहतो. दुकानाच्या पायरीवरून परत फिरलेला ग्राहक मालकास दिसतो. पृष्ठ उघडण्यापूर्वीच परत फिरलेला ग्राहक त्यास दिसत नाही आणि असा ग्राहक सहसा तक्रारही करीत नाही. त्यामुळे संकेतस्थळाचा दोष वर्षानुवर्षे ध्यानात न येता नुकसान होत राहते. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः लहान व्यवसायाच्या अंगाने केला आहे.

मोबाइल-अनुकूलता म्हणजे मोठे पृष्ठ लहान करून दाखविणे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः ग्राहकास कोणती माहिती प्रथम हवी हे निश्चित करणे, ती कमीत कमी भारात त्याच्यापर्यंत पोहोचविणे आणि उरलेली माहिती मागे ठेवणे किंवा वगळणे, हे या रचनेचे मूलतत्त्व आहे.

इतिहास : जिनीव्हाजवळील सेर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती संस्थेबाहेरील लोकांस उपलब्ध झाली. आरंभीची पृष्ठे केवळ मजकुराची असत. पडद्याची रुंदी कितीही असली, तरी मजकूर त्या रुंदीत आपोआप मावत असे. ओळ जेथे संपेल तेथून पुढचा शब्द खालच्या ओळीत जाई. म्हणजे कोणत्याही रुंदीशी जुळवून घेणे हा वेबपृष्ठाचा मूळचाच गुण होता. १९९० नंतरच्या दशकात छापील पानासारखी मांडणी साधण्यासाठी रचनाकार पृष्ठांना ठराविक रुंदी देऊ लागले आणि हा गुण नाहीसा झाला. फोनवर पृष्ठ नीट न दिसण्याचे मूळ या ठराविक रुंदीत आहे.

फोनवर वेब आणण्याचे पहिले प्रयत्न स्वतंत्र मार्गांनी झाले. १९९८ मध्ये वॅप ही प्रणाली प्रसिद्ध झाली. तीत फोनसाठी वेगळ्या चिन्हांकन-भाषेत पृष्ठे लिहावी लागत. जपानमध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये आय-मोड ही सेवा सुरू केली व ती तेथे लोकप्रिय झाली. मात्र संगणकासाठी एक व फोनसाठी दुसरे अशी दुहेरी पृष्ठे राखणे लहान व्यावसायिकाच्या आवाक्याबाहेरचे होते.

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत ॲपल कंपनीचा आयफोन विक्रीस आला. त्यातील ब्राउझर संगणकासाठीची पृष्ठे जशीच्या तशी उघडू शकत असे. त्यासाठी पृष्ठ ९८० पिक्सेल (चित्रबिंदू) रुंद आहे असे तो गृहीत धरी आणि ते ३२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर आक्रसून दाखवी. परिणामी अक्षरे मूळच्या सु. एक तृतीयांश आकाराची होत आणि वाचकास दोन बोटांनी पृष्ठ मोठे करून ते डावीउजवीकडे सरकवावे लागे. पृष्ठ फोनच्या खऱ्या रुंदीनुसार मांडले जावे, असे ब्राउझरला सांगणारी ‘व्ह्यूपोर्ट’ ही सूचनाही ॲपलनेच प्रचारात आणली व पुढे इतर ब्राउझरांनी ती स्वीकारली.

अमेरिकन रचनाकार ईथन मार्कॉट यांनी २५ मे २०१० रोजी प्रसिद्ध केलेल्या लेखात ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ अर्थात प्रतिसादी संकेतस्थळ-रचनेची संकल्पना मांडली. एकच पृष्ठ सर्व आकारांच्या पडद्यांशी जुळवून घेईल अशी ही रचना असून लवचिक स्तंभ, लवचिक चित्रे व पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारे शैलीनियम ही तिची तीन अंगे होत. ल्यूक रोब्लेव्हस्की यांनी २००९ मध्ये फोनसाठीची मांडणी आधी व संगणकासाठीची नंतर करावी, असा विचार पुढे केला होता. या दोन विचारांच्या मिलाफातून आजची रीत घडली. रुंदीनुसार शैली बदलण्याच्या ‘मीडिया क्वेरी’ या तंत्रास वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानक ठरविणाऱ्या संस्थेने जून २०१२ मध्ये मान्यता दिली.

स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीनुसार ऑक्टोबर २०१६ मध्ये जगभरातील वेबवापरात फोन व टॅबलेट यांचा एकत्रित वाटा (५१·३ टक्के) संगणकांपेक्षा प्रथमच अधिक झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतात रिलायन्स जिओची व्यापारी सेवा सुरू झाली व त्यानंतरच्या स्पर्धेत माहितीवहनाचे दर झपाट्याने उतरले. भारतात असंख्य लोकांनी इंटरनेट प्रथम पाहिले ते फोनवरच. संगणकाचा टप्पा त्यांच्या बाबतीत आलाच नाही.

फोनची वैशिष्ट्ये : संगणक व फोन यांतील फरक केवळ आकाराचा नाही. रचनेवर परिणाम करणाऱ्या पाच बाबी येथे लक्षात घ्याव्या लागतात. (१) पडद्याची रुंदी : फोनच्या पडद्यावर प्रत्यक्षात १,०८० किंवा अधिक चित्रबिंदू आडवे बसविलेले असले, तरी मांडणीसाठी ब्राउझर जे एकक वापरतो, त्यानुसार उभ्या धरलेल्या बहुतेक फोनची रुंदी सु. ३६० ते ४३० एकके भरते. (२) बोट : संगणकाच्या माउसचे टोक एका चित्रबिंदूवर नेता येते, बोटाचा स्पर्श मात्र बराच मोठा भाग व्यापतो आणि दाबताना बोटाखालचे दिसत नाही. (३) जोडणी : बिनतारी जोडणीचा वेग जागेनुसार व क्षणाक्षणाला बदलतो. डोंगराच्या आडोशाला, इमारतीच्या तळघरात, बोगद्यात वा गर्दीच्या जागी तो अगदी कमी होतो. (४) संस्करणक्षमता : स्वस्त फोनमधील प्रोसेसर व स्मृती यांची क्षमता मर्यादित असते, त्यामुळे पृष्ठाबरोबर आलेल्या मोठ्या आज्ञावली कार्यान्वित करण्यास त्यास बराच वेळ लागतो. (५) परिस्थिती : फोन उन्हात, प्रवासात, एका हातात धरून पाहिला जातो व वाचणाऱ्याचे लक्ष विभागलेले असते.

पृष्ठाची मांडणी : प्रतिसादी रचनेत स्तंभांची रुंदी निश्चित एककांत न देता पडद्याच्या प्रमाणात दिली जाते आणि चित्राची रुंदी त्याच्या चौकटीपेक्षा अधिक होणार नाही असा नियम शैलीपत्रकात घातला जातो. फोनसाठीची मांडणी ही मूळ मांडणी समजतात व तीत बहुधा एकच स्तंभ असतो. पडदा रुंद होत जाईल तसे दोन किंवा तीन स्तंभ करणारे नियम त्यावर चढविले जातात. हे नियम कोणत्या रुंदीस लागू व्हावेत, हे विशिष्ट कंपनीच्या फोनवरून ठरवू नये. मजकुराची ओळ ज्या रुंदीस वाचण्यास गैरसोयीची होऊ लागते, तेथे बदल करावा. फोनचे नमुने दरवर्षी बदलतात, वाचण्याची गरज बदलत नाही.

व्ह्यूपोर्टची सूचना ही एका ओळीची असते. पण ती नसेल, तर इतर सर्व परिश्रम व्यर्थ जातात. याच सूचनेत पृष्ठ मोठे करण्यास मनाई करणारा भाग काही रचनाकार घालतात. तो टाळावा, कारण मंददृष्टीच्या व वयस्कर वाचकांस अक्षर मोठे करून पाहण्याचा तोच एक सोपा उपाय असतो. रुंद कोष्टक हा फोनवरील मांडणीतील नेहमीचा अडसर आहे. दोन स्तंभांपर्यंतचे दरपत्रक फोनवर मावते. त्याहून रुंद कोष्टकाच्या प्रत्येक ओळीची स्वतंत्र लहान नोंद करणे सोयीचे पडते. दरपत्रक चित्राच्या किंवा छापील पानाच्या पीडीएफ प्रतीच्या स्वरूपात देणे अयोग्य होय, कारण मोठ्या कागदासाठी मांडलेले ते पान फोनवर सरकवून सरकवून वाचावे लागते.

आशयाचा क्रम : संगणकाच्या रुंद पडद्यावर एकाच वेळी अनेक गोष्टी शेजारी-शेजारी ठेवता येतात. फोनवर त्या एकाखाली एक येतात, म्हणून कोणती गोष्ट आधी हा निर्णय टाळता येत नाही. या निर्णयासाठी ग्राहक कोणते प्रश्न घेऊन येतो हे पाहावे. उदा., रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एखादा हापूस आंब्याचा बागायतदार मुंबई-पुण्याच्या ग्राहकांस थेट पेट्या पाठवीत असेल, तर एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या संकेतस्थळावर येणाऱ्याचे प्रश्न ठराविक असतात : सध्या आंबा उपलब्ध आहे काय, पेटीत किती डझन व फळ केवढे, दर काय आणि त्यात पोहोचविण्याचा खर्च धरला आहे काय, आपल्या भागात पेटी केव्हा मिळेल, फळ तयार येईल की घरी पिकवावे लागेल, मागणी कशी नोंदवावी. या सर्वांची उत्तरे दोन पडद्यांच्या लांबीत बसतात.

प्रत्यक्षात अशा संकेतस्थळांच्या आरंभी पडदाभर सरकती चित्रमाला, त्याखाली स्वागताचा मजकूर, मग घराण्याचा इतिहास आणि सर्वांत शेवटी दूरध्वनी क्रमांक अशी मांडणी पुष्कळदा आढळते. हे घटक निरुपयोगी आहेत असे नाही. बाग कोठे आहे, फळ कसे पिकविले जाते, अढी कशी घातली जाते यांचे वर्णन ग्राहकाचा विश्वास दृढ करते. मात्र त्याची जागा उत्तरांच्या नंतर आहे. सरकत्या चित्रमालेतील पहिले चित्र सोडून बाकीची पाहण्याइतका वेळ फोनवरील वाचक क्वचितच थांबतो, परंतु त्या सर्व चित्रांचा भार त्याच्या जोडणीवर पडतो.

हंगाम संपल्यावरही पृष्ठ तसेच राहिले, तर ते ग्राहकाची दिशाभूल करते. ‘या वर्षाचा हंगाम संपला’ एवढे एक वाक्य वर लिहिणे हेदेखील मोबाइल-अनुकूलतेचेच अंग समजले पाहिजे, कारण त्यामुळे वाचकाचा वेळ वाचतो आणि मालकास निष्फळ दूरध्वनी येत नाहीत.

भार व वेग : पृष्ठ उघडण्यास लागणारा काळ मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतो : सर्व्हर व फोन यांमधील निरोपांच्या फेऱ्या, पाठवावयाच्या माहितीचे आकारमान आणि ती माहिती मांडण्यास फोनला लागणारा वेळ. पृष्ठाचे पहिले अक्षर येण्यापूर्वीच पत्ता शोधणे, जोडणी करणे, ती सुरक्षित करणे व पृष्ठ मागविणे यांसाठी सामान्यतः चार फेऱ्या होतात. दुबळ्या जोडणीवर एका फेरीस २०० मिलिसेकंद लागले, तर यातच ०·८ सेकंद जातो. चित्रे, टंक (फॉन्ट) किंवा आज्ञावली वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरवरून आणावयाच्या असल्यास यांपैकी बऱ्याच फेऱ्या प्रत्येक ठिकाणासाठी पुन्हा कराव्या लागतात. शिवाय नवी जोडणी आरंभी सावधपणे चालते. पहिल्या खेपेस ती सामान्यतः सु. १४ किलोबाइट एवढीच माहिती पाठविते व पोच मिळत जाईल तसतसे प्रमाण वाढविते. म्हणून पृष्ठाचा महत्त्वाचा मजकूर त्याच्या आरंभीच्या भागात असणे हितावह असते.

लहान व्यवसायाच्या पृष्ठाचा बहुतांश भार छायाचित्रांचा असतो. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले ४,००० × ३,००० चित्रबिंदूंचे छायाचित्र सु. ४ मेगाबाइटचे, म्हणजे ३२ मेगाबिटचे असू शकते. जोडणीचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर असे एक चित्र येण्यास १६ सेकंद लागतात. १,०८० चित्रबिंदू रुंदीच्या पडद्यावर त्या चित्रातील केवळ १,०८० × ८१० चित्रबिंदू दाखविता येतात, म्हणजे आलेल्या चित्रबिंदूंपैकी सु. चौदाव्या हिश्शाएवढेच उपयोगी पडतात. तेच चित्र योग्य मापाचे करून संक्षेपित केल्यास ते १०० किलोबाइटच्या आसपास आणता येते व त्याच जोडणीवर अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचते. दिसण्यात फरक जाणवत नाही. मोबाइल-अनुकूलतेच्या उपायांपैकी सर्वांत कमी खर्चाचा व सर्वांत गुणकारी उपाय हाच आहे.

चित्रांसाठी १९९२ पासून प्रचलित असलेल्या जेपेग या स्वरूपाखेरीज वेबपी (२०१०) व एव्हीआयएफ (२०१९) ही अधिक संक्षेप साधणारी स्वरूपे आता बहुतेक ब्राउझरांत चालतात. एकाच चित्राच्या दोन-तीन मापांच्या प्रती ठेवून योग्य ती निवडण्याचे काम ब्राउझरवर सोपविता येते. पडद्याखालची चित्रे वाचक तेथवर येईल तेव्हाच मागविण्याचीही सोय आहे. मात्र पहिल्या पडद्यावरील चित्रास ती लावू नये, कारण मग तेच उशिरा येते. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी पृष्ठात नमूद करावी. तशी ती नसेल, तर चित्र येताच खालचा मजकूर एकदम सरकतो आणि वाचक ज्या बटनावर बोट टेकवीत असतो त्याऐवजी दुसरेच दाबले जाते.

छायाचित्रांखालोखाल भार तयार साच्यांबरोबर येणाऱ्या आज्ञावलींचा असतो. संवादाची चौकट, आपोआप उघडणारी जाहिरात, समाजमाध्यमांवरील नोंदींची पट्टी, अभ्यागतांची मोजदाद करणारी साधने असे घटक एकेक करून जोडले जातात; त्यांपैकी कोणता खरोखर वापरात आहे हे नंतर कोणी पाहत नाही. असा प्रत्येक घटक फोनकडून काम करवून घेतो आणि त्या काळात पृष्ठ दिसत असूनही स्पर्शास प्रतिसाद देत नाही.

स्पर्श, संपर्क व मागणी : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखविलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके लहान व दूर, तितका तेथे अचूक पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. या दृष्टीने ॲपलने स्पर्शलक्ष्याचे किमान माप ४४ × ४४ एकके व गुगलने अँड्रॉइडसाठी ४८ × ४८ एकके सुचविले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब-सुगमतेच्या मानकात (आवृत्ती २·२) २४ × २४ एकके ही मध्यम पातळीची किमान अट आहे. दोन दुवे अगदी लगत ठेवू नयेत. उन्हात वाचता येण्यासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४·५ : १ असावे, अशी त्याच मानकाची सर्वसाधारण अपेक्षा आहे. फिकट करड्या रंगातील अक्षरे तीत सहसा बसत नाहीत.

फोन हे मुळात बोलण्याचे साधन असल्याने दूरध्वनी क्रमांक दाबताच जोडला जाईल अशा दुव्याच्या रूपात द्यावा. चित्रात लिहिलेला क्रमांक वाचकास कागदावर टिपून घ्यावा लागतो. पत्ता नकाशाशी जोडावा. पैसे भरण्यासाठी २०१६ पासून यूपीआयची सोय आहे, पण येथे एक चूक वारंवार आढळते. दुकानात लावावयाचा क्यूआर संकेत संकेतस्थळावर ठेवला जातो आणि तो पाहणाऱ्याच्या हाती एकच फोन असतो. स्वतःच्याच पडद्यावरील संकेत त्या फोनचा कॅमेरा टिपू शकत नाही. त्याऐवजी यूपीआय पत्ता मजकुराच्या स्वरूपात द्यावा म्हणजे त्याची नक्कल करता येते, किंवा पैसे भरण्याचे ॲप थेट उघडणारा दुवा द्यावा.

मागणीपत्रकात आवश्यक तेवढेच रकाने ठेवावेत. प्रत्येक रकान्याचे नाव त्याच्या वर लिहावे. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेले नाव टंकन सुरू करताच नाहीसे होते. दूरध्वनी क्रमांक, पिन कोड किंवा ईमेल पत्ता यांपैकी काय अपेक्षित आहे हे पृष्ठात घोषित केल्यास फोन त्यास योग्य असा कळफलक पुढे करतो. रकान्यातील अक्षरे १६ एककांहून लहान असल्यास आयफोनचा ब्राउझर टंकनाच्या वेळी पृष्ठ आपोआप मोठे करतो व मांडणी विसकटते. चूक झाल्यास ती कोणत्या रकान्यात आहे हे त्या रकान्यापाशीच सांगावे आणि आधी भरलेली माहिती पुसली जाऊ देऊ नये. मध्येच जोडणी तुटणे ही फोनवर अपवादात्मक गोष्ट नव्हे. म्हणून मागणी पोहोचली की नाही हे ग्राहकास स्पष्ट शब्दांत कळले पाहिजे, अन्यथा एकाच पेटीची मागणी दोनदा नोंदविली जाते.

मराठी मजकूर : मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत काही विशेष प्रश्न उद्भवतात. युनिकोड ही संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वी रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविणारे टंक प्रचारात होते. मुद्रणव्यवसायात ते अद्यापही आढळतात. अशा टंकात जुळविलेला मजकूर पृष्ठावर उतरविल्यास, तो टंक नसलेल्या फोनवर रोमन अक्षरांचा निरर्थक समूह दिसतो. यावर उपाय म्हणून काही व्यावसायिक छापील पत्रकाचे चित्रच पृष्ठावर लावतात. ते जड असते, फोनवर बारीक दिसते, शोधयंत्रास (सर्च इंजिनास) नीट उलगडत नाही आणि अंध व्यक्तीच्या वाचक-आज्ञावलीस मुके राहते. युनिकोड मजकूर हा याचा एकमेव समाधानकारक उपाय होय.

यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, तर रोमन अक्षरास एक. तथापि सर्व्हरवर संक्षेपाची सोय असल्यास हा फरक पुष्कळ कमी होतो आणि एका छायाचित्राच्या तुलनेत तो नगण्य आहे. टंकांचे तसे नाही. जोडाक्षरांच्या अनेक आकृत्यांमुळे देवनागरी टंकाची संचिका मोठी असते. आजच्या बहुतेक फोनमध्ये चांगला देवनागरी टंक आधीच असल्याने शीर्षकाखेरीज अन्यत्र वेगळा टंक पाठविण्याची सहसा गरज नसते. पृष्ठाची भाषा मराठी असल्याचे त्याच्या आरंभी घोषित करावे. त्यामुळे ज्या टंकांत तशी सोय आहे, त्यांत ल व श या अक्षरांची मराठी वळणे आपोआप निवडली जातात व वाचक-आज्ञावलीही योग्य उच्चार करू शकते.

रोमन लिपीसाठी केलेले शैलीनियम देवनागरीस जसेच्या तसे लागू करू नयेत. वेलांट्या, मात्रा, रफार व उकार यांना वरखाली जागा लागत असल्याने ओळींमधील अंतर अधिक ठेवावे लागते. अक्षरांमध्ये जास्तीचे अंतर घातल्यास शिरोरेषा तुटते. लहान आकारातील ठळक टंकात ‘ष्ट्र’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे बुजतात. मराठी कळफलकावरून ग्राहक देवनागरी अंक लिहितो. ते ‘अवैध’ ठरवून नाकारण्याऐवजी आज्ञावलीने त्यांचे रूपांतर करून घ्यावे. उलट, दूरध्वनीच्या दुव्यात दिसणारा क्रमांक देवनागरीत असला, तरी आतील क्रमांक आंतरराष्ट्रीय अंकांतच द्यावा.

शोधयंत्रे व इतर मंच : गुगलने २१ एप्रिल २०१५ पासून फोनवरील शोधाच्या निकालांत मोबाइल-अनुकूल पृष्ठांस प्राधान्य देण्यास आरंभ केला. नोंदणीसाठी पृष्ठाचे फोनवरील रूपच प्रमाण मानण्याचे धोरण त्या कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये घोषित केले व ऑक्टोबर २०२३ मध्ये हे संक्रमण पूर्ण झाल्याचे जाहीर केले. याचा अर्थ असा की, जो मजकूर संकेतस्थळाच्या फोनवरील रूपातून वगळला आहे, तो संगणकावर शोधणाऱ्यासही शोधयंत्रातून सापडण्याची शाश्वती नाही. वेगाच्या मोजमापासाठी गुगलने २०२० मध्ये काही निकष घोषित केले. मार्च २०२४ पासूनच्या त्यांच्या रूपानुसार पृष्ठातील मुख्य घटक २·५ सेकंदांच्या आत दिसावा, स्पर्शास २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर सरकण्याचा निर्देशांक ०·१ हून अधिक नसावा. किमान तीन चतुर्थांश भेटींत हे साधले पाहिजे.

केवळ समाजमाध्यमावरील पान किंवा नकाशावरील नोंद यांवर भागविणारे अनेक लहान व्यावसायिक आहेत. ही साधने उपयुक्त व बहुधा विनामूल्य असतात, परंतु त्यांवर मालकी दुसऱ्याची असते. गुगलने व्यवसायनोंदीबरोबर विनामूल्य दिलेली साधी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि ज्यांनी पत्रकांवर व फलकांवर तो पत्ता छापला होता, त्यांस नवा पत्ता करावा लागला. स्वतःच्या नावाचा पत्ता (डोमेन) घेऊन त्यावर एकच का होईना, पण हलके व अचूक पृष्ठ ठेवणे आणि इतर मंचांवरून त्याकडे दुवा देणे ही व्यवस्था अधिक टिकाऊ असते.

परीक्षण व देखभाल : क्रोम ब्राउझरमधील लाइटहाउस हे साधन व गुगलची पेजस्पीड इनसाइट्स ही सेवा यांच्या साहाय्याने पृष्ठाचा भार व दोष तपासता येतात. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या फोनवरून जमविलेली मोजमापे मात्र पुरेशा भेटी असतील तरच उपलब्ध होतात. लहान व्यवसायाच्या संकेतस्थळास तेवढ्या भेटी पुष्कळदा नसतात, म्हणून प्रत्यक्ष चाचणीस पर्याय राहत नाही. तिची रीत साधी आहे. चार-पाच वर्षे जुना, कमी किंमतीचा फोन घ्यावा. वाय-फाय बंद करावे. उघड्यावर, उजेडात, संकेतस्थळ पूर्वी न पाहिलेल्या व्यक्तीच्या हाती तो द्यावा आणि ‘दोन पेट्यांची मागणी नोंदवा’ असे एखादे काम सांगावे. नंतर काहीही न सुचविता पाहत राहावे. ती व्यक्ती जेथे अडते, तेथे दोष आहे. तिला समजावून सांगावे लागते, ते पृष्ठानेच सांगावयास हवे होते. मालकाच्या नव्या फोनवर, कार्यालयातील वेगवान जोडणीवर केलेली पाहणी ही चाचणी नव्हे.

अशी चाचणी प्रत्येक मोठ्या बदलानंतर व निदान वर्षातून एकदा करावी. दर, वेळा, सुट्टीचे दिवस व दूरध्वनी क्रमांक यांची दुरुस्ती स्वतः मालकास फोनवरून करता येईल अशी व्यवस्था रचनाकाराकडून प्रथमच करून घ्यावी. ज्या दुरुस्तीसाठी दरवेळी दुसऱ्याची वाट पाहावी लागते, ती सहसा होत नाही. बदललेला क्रमांक किंवा गेल्या वर्षीचा दर दाखविणारे पृष्ठ कितीही वेगाने उघडले, तरी ते ग्राहकाच्या उपयोगाचे नसते.